मायलेजची चिठ्ठी आणि मुहतसिबचा तराजू

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर एक सरकारी चिठ्ठी चिकटवलेली असते. एका गॅलनमध्ये गाडी शहरात किती मैल जाईल आणि हायवेवर किती, हे तिच्यावर मोठ्या आकड्यांत छापलेले असते. खाली बारीक अक्षरांत सूचना असते की तुमचे प्रत्यक्ष मायलेज वेगळे असू शकते. ही सूचना तिथे इतकी अंगवळणी पडली, की 'मला असा अनुभव आला, तुम्हाला वेगळा येईल' या अर्थाने लोक ती औषधाबद्दल, हॉटेलाबद्दल, वाटेल त्याबद्दल वापरू लागले. सरकारी बारीक अक्षरांची म्हण व्हावी, असे फार वेळा घडत नाही.

या चिठ्ठीला पन्नास वर्षे झाली. तिचा इतिहास वाचताना माझे लक्ष सारखे पिकअप ट्रककडे गेले. मागे उघडा हौदा, पुढे केबिन. शेतकरी, गवंडी, प्लंबर, फेरीवाला यांची ही गाडी. डिझेल-पेट्रोलचा हिशोब ज्याला सर्वांत जास्त लागतो, त्याच्याच गाडीचा आकडा सर्वांत कमी भरवशाचा निघाला. हे अपघाताने झालेले नाही.

सुरुवात आपल्या वाचकांना माहीत असलेल्या ठिकाणी आहे. 10 रमज़ान 1393, म्हणजे 6 ऑक्टोबर 1973 रोजी इजिप्त आणि सीरियाने इस्रायलविरुद्ध युद्ध सुरू केले. अमेरिकेने इस्रायलला शस्त्रे पुरवली, तेव्हा शाह फैसल यांच्या सौदी अरबसह अरब तेल-उत्पादक देशांनी उत्पादन घटवले आणि अमेरिकेला तेल देणे थांबवले. मार्च 1974 मध्ये बंदी उठली, पण तोवर पिंपाचा भाव तीन डॉलरवरून जवळपास बारा डॉलरवर गेला होता. अमेरिकेत पंपांवर मैलभर रांगा लागल्या. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत याच दरवाढीची दुसरी बाजू दिसली. आखातात कामे निघाली, घरोघरची माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली आणि गावात स्लॅबची घरे उभी राहिली. एकच भाव, पण एका किनाऱ्यावर टंचाई आणि दुसऱ्यावर बरकत.

टंचाईतून अमेरिकेने कायदा केला. डिसेंबर 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली. (मोटार कंपनीच्या फोर्ड घराण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.) प्रत्येक कंपनीच्या कारचे सरासरी मायलेज 1978 मध्ये 18 मैल प्रति गॅलन आणि 1985 पर्यंत 27.5 असावे, असे ठरले. आपल्या भाषेत लिटरला साधारण साडेसात किलोमीटरवरून पावणेबारा. सरकारच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, आधी ऐच्छिक म्हणून सुरू केलेली काचेवरची चिठ्ठी आता सक्तीची झाली.

पण हे 27.5 कारसाठी होते. 'हलके ट्रक' हा वेगळा वर्ग ठेवला गेला, कारण ती कष्टकऱ्याची गाडी, तिला ओझे वाहायचे असते. कारण खोटे नव्हते, पण सवलत दिली की तिच्या आडोशाला कोण येऊन बसेल हे सांगता येत नाही. 1996 ते 2004 या काळात हलक्या ट्रकची अट 20.7 मैलांवरच होती. एकूण वजनक्षमता 8,500 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 3,855 किलोच्या वर गेली, की त्या पिकअपला मायलेजची चिठ्ठीच लागत नव्हती. सर्वांत जास्त तेल पिणारी गाडी आणि काच कोरी!

वजनाच्या रेषेशी खेळणे कंपन्यांना नवे नव्हते. 1975 मध्ये प्रदूषणाचे कडक नियम 6,000 पौंडांपर्यंतच्या गाड्यांना लागू होते. त्याच वर्षी फोर्डने एफ-150 हा पिकअप आणला, त्याची वजनक्षमता त्या रेषेच्या किंचित वर. म्हणजे धूर शुद्ध करणारे यंत्र नको आणि त्यासाठी लागणारे शिसेविरहित पेट्रोलही नको. 1977 पासून फोर्डची ही एफ-मालिका अमेरिकेतला सर्वाधिक खपणारा ट्रक आहे.

बाहेरची स्पर्धा आधीच अडवलेली होती, आणि तीही कोंबडीमुळे. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, म्हणून उत्तरादाखल अमेरिकेने जानेवारी 1964 पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर 25 टक्के जकात बसवली. बाकीच्या वस्तूंवरची जकात पुढे गेली, ट्रकवरची राहिली. बाहेरच्या स्वस्त, काटकसरी पिकअपला दार बंद असले, की घरच्या कंपनीला मायलेजची चिंता कशाला?

आता चिठ्ठीवरचा आकडा येतो कुठून ते पाहू. गाडी रस्त्यावर धावतच नाही. ती प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात, चाके जागेवर फिरतात. ड्रायव्हरसमोर पडद्यावर वेगाचा आलेख असतो, त्याबरहुकूम तो गाडी चालवतो. धूर पिशव्यांत गोळा करून त्यातल्या कार्बनवरून जळलेले इंधन मोजतात. शहराचा आलेख लॉस एंजेलिसच्या एका सकाळच्या प्रवासावरून बेतलेला आहे. त्याची मूळ फेरी बारा किलोमीटर, सरासरी वेग ताशी साडेएकतीस किलोमीटर. हायवेचा आलेख तयार झाला तेव्हा अमेरिकेत ताशी 55 मैलांची मर्यादा होती, म्हणून त्यातला कमाल वेगही 60 मैल, म्हणजे 96 किलोमीटरच. एसी बंद, हवा ना गरम ना थंड, वारा नाही, चढ नाही. वजन म्हणून रिकामी गाडी अधिक 136 किलो, म्हणजे साधारण दोन माणसे. हौद्यात काही नाही, मागे ट्रेलर नाही.

तुलनेसाठी ही परीक्षा वाईट नाही. सगळ्यांना एकच पेपर दिला तरच गुण ताडून पाहता येतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. पण पिकअपला ज्या कामासाठी विकत घेतात, ते काम या पेपरात विचारलेलेच नाही. कारमध्ये माणसे बसतात, परीक्षेतही माणसांचे वजन धरले आहे. पिकअपमध्ये सिमेंट जाते, गुरे जातात, मागे ट्रेलर ओढला जातो. शिवाय उंच, चौकोनी धूड वेग वाढला की वाऱ्याशी झुंजते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 96 वर मोजलेला आकडा 120 वर टिकत नाही, आणि पिकअपचा तर कारपेक्षा लवकर ढासळतो.

लोकांनी तक्रारी केल्या. 1985 च्या मॉडेलांपासून ईपीएने सरळ वजाबाकी केली. प्रयोगशाळेतल्या आकड्यातून शहरासाठी 10 टक्के आणि हायवेसाठी 22 टक्के कमी करून छापायचे. पुढे वीस-बावीस वर्षे तेवढेच चालले. 2002 मध्ये एका पर्यावरणवादी संघटनेने अर्ज केला, 2005 मध्ये संसदेने आदेश दिला आणि 2008 च्या मॉडेलांपासून तीन जादा चाचण्या धरल्या गेल्या. एक ताशी 80 मैलांपर्यंतची आक्रमक, एक एसी लावून उन्हाळ्याची, एक कडाक्याच्या थंडीची. शहराचे आकडे सरासरी 12 टक्क्यांनी आणि हायवेचे 8 टक्क्यांनी उतरले. गाडी तीच, इंजिन तेच. गंमत अशी, की कंपन्यांच्या सरासरीचा सरकारी हिशोब मात्र 1975 च्या कायद्यामुळे जुन्या, न कापलेल्या आकड्यांवरच चालू राहिला. ग्राहकासाठी एक माप आणि कायद्यासाठी दुसरे.

इथे मला आपल्या इतिहासातला मुहतसिब आठवतो. कुरआनची 83 वी सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांवरच आहे, हे मकतबातल्या मुलालाही ठाऊक असते. पण नसीहतीवर भागत नाही, म्हणून मुस्लिम शहरांत हिस्बा नावाचे खाते उभे राहिले आणि बाजारात फिरून तराजू, वजने, मापे तपासणारा मुहतसिब नेमला गेला. 11 व्या शतकातल्या मावर्दींनी आपल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात त्याच्या अधिकारांना वेगळे प्रकरण दिले. 12 व्या शतकात शैज़री यांनी मुहतसिबसाठी चाळीस प्रकरणांची पुस्तिकाच लिहिली, त्यात एकेका धंद्यातली लबाडी कशी पकडावी ते आहे. त्यांनी धंद्यागणिक वेगळा विचार केला, कारण नानबाईची लबाडी अत्ताराच्या मापाने पकडता येत नाही.

अमेरिकेत बहुतेक चाचण्या कंपनी स्वतः करते. ईपीए मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत त्यांपैकी 15 ते 20 टक्के पडताळते. फट इथे आहे. रोलरवर किती अडथळा लावायचा, हे गाडी खऱ्या रस्त्यावर मोकळी सोडून ती किती वेळात मंदावते त्यावरून ठरते, आणि ही मोजणी कंपनीची. ह्युंदाई आणि कियाने यात आपल्या फायद्याची मोजणी निवडली, असा सरकारचा आरोप होता. 2012 मध्ये त्यांना आकडे खाली आणावे लागले आणि 2014 मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटले. त्या कार होत्या. पिकअपचा किस्सा याहून नमुनेदार आहे. फोर्डच्या 2011 ते 2014 च्या सुपर ड्यूटी पिकअपची भारक्षमता आपल्या वर्गात सर्वाधिक, अशी जाहिरात होती. अमेरिकेतल्या राज्यांचे म्हणणे असे, की हा आकडा काढताना कंपनीने सुटे चाक, जॅक आणि रेडिओ नसलेला एक काल्पनिक ट्रक कागदावर धरला होता. 2022 मध्ये चाळीस राज्यांशी 1.92 कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यात सी-मॅक्स या हायब्रिड कारच्या मायलेजच्या जाहिरातीही होत्या. रेडिओ काढून वजन वाचवणारा व्यापारी शैज़रींना भेटला असता, तर पुस्तिकेत एकेचाळिसावे प्रकरण नक्की आले असते.

आपल्याकडे हा आकडा पुण्यातून येतो. एआरएआय, 1966 पासूनची वाहन संशोधन संस्था. तिथला सुधारित भारतीय आलेखही रोलरवरचाच, कमाल वेग ताशी 90 किलोमीटर, त्यात कसारा घाट नाही आणि माल भरून चढ चढणेही नाही. आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. 2017 पासून आपल्याकडे कंपनीच्या सरासरी इंधनवापराची जी अट आली, ती प्रवासी कारसाठी. माल वाहणारे छोटे टेम्पो आणि पिकअप तिच्या बाहेर. सवलत पुन्हा त्याच वर्गाला, आणि तोटाही त्याच वर्गाला.

तोटा किती, ते मांडून बघा. समजा, एखाद्याने कर्ज काढून पिकअप घेतला, लिटरला 18 किलोमीटर धरून भाडे ठरवले आणि मालासकट गाडी 13 देते. रोज 100 किलोमीटरला साडेपाचऐवजी पावणेआठ लिटर डिझेल जाते. महिन्याचे 25 दिवस धरले तर 50 लिटरहून जास्त फरक, आणि तो थेट हप्त्याच्या पैशातून जातो. लिटरला इतके किलोमीटर, ही मोजण्याची पद्धतही फसवी आहे. 20 ची कार 25 देऊ लागली, तर दहा हजार किलोमीटरला 100 लिटर वाचतात. 8 चा ट्रक 10 देऊ लागला, तर 250 लिटर. ऐकायला पाच मोठे आणि दोन लहान. अमेरिकेने 2013 च्या मॉडेलांपासून चिठ्ठीवर 'शंभर मैलांना किती गॅलन' हेही छापायला लावले, ते यासाठीच.

आपल्याकडच्या ड्रायव्हरांचे माप जुनेच आहे. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत चालवायची आणि भागाकार करायचा. वहीत फक्त एक रकाना वाढवावा लागतो, भरलेली फेरी आणि परतीची रिकामी फेरी वेगळी लिहिण्यासाठी.