तारखेत ‘एक महिना’ मिळवला की संगणक काय उत्तर देतो?

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेले वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट संत्र्यासाठी आणि संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. येथील बागायतदाराचे वर्ष तारखांच्या बेरजेवर चालते. फेब्रुवारीच्या सुमारास फुललेला आंबिया बहार आठ-नऊ महिन्यांनी तोडणीला येतो. एका फवारणीनंतर ठरावीक दिवसांनी दुसरी करावी लागते. पीककर्ज मुदतीत फेडले तरच केंद्राच्या व्याज सवलतीचा आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ पदरात पडतो. पूर्वी हा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून होत असे. आता तो बँकेचा संगणक करतो. मात्र संगणकाला ‘महिना’ आणि ‘वर्ष’ या शब्दांचा अर्थ उपजत कळत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने तो जसा ठरवला असेल, तसे उत्तर मिळते.

दिवसांची बेरीज सोपी

बहुतेक संगणक प्रणाली तारीख एका सलग क्रमांकाच्या रूपात साठवतात. युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजले जातात. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानतात. (१९०० हे लीप वर्ष नव्हते, तरीही एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी मोजते. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी ही चूक तशीच ठेवण्यात आली.) क्रमांकात १५ मिळवले की पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळते. २० फेब्रुवारी २०२३ अधिक १५ दिवस म्हणजे ७ मार्च. २०२४ मध्ये हेच उत्तर ६ मार्च येते, कारण ते लीप वर्ष होते. येथे वादाला जागा नाही.

‘३६५ दिवस’ आणि ‘एक वर्ष’ यांत मात्र फरक पडतो. १ मार्च २०२३ रोजी घेतलेल्या कर्जाला ३६५ दिवसांची मुदत असेल, तर ती २९ फेब्रुवारी २०२४ रोजी संपते. मुदत एक वर्षाची असेल, तर १ मार्च २०२४ ही तारीख येते. करारात एक शब्द आणि आज्ञावलीत दुसरा असेल, तर कर्जदाराला एका दिवसाची किंमत मोजावी लागते.

महिन्याचे गणित अवघड

३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला तर? ३१ फेब्रुवारी अस्तित्वात नाही. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि जावाची नवी तारीख-प्रणाली अशा वेळी महिन्याच्या अखेरच्या दिवशी थांबतात आणि २८ फेब्रुवारी हे उत्तर देतात. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलून ३ मार्च दाखवतात. पायथनच्या मूळ कालावधी-प्रकारात महिना हे एककच नाही. तेथे दिवस, सेकंद, आठवडे यांसारखी ठरावीक लांबीची एककेच मिळवता येतात.

दुसरी अडचण क्रमाची. ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले की ३१ मार्च येतो. एकेक करून मिळवले, तर आधी २८ फेब्रुवारी आणि मग २८ मार्च. मासिक हप्त्याची तारीख मागील हप्त्यावरून काढली, तर फेब्रुवारीत घसरलेली तारीख पुढे कधीच सावरत नाही. म्हणून प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासून मोजावा, हा जाणकारांचा नियम आहे.

कायद्याचे उत्तर

हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधील कलम २३ सांगते, की मुदत संपण्याच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. कायद्यातच उदाहरण दिले आहे. ३१ ऑगस्ट १८७८च्या तीन महिने मुदतीच्या दस्तऐवजाची मुदत ३० नोव्हेंबरला संपते आणि सवलतीचे तीन दिवस धरून तो ३ डिसेंबरला देय होतो. ३० ऑगस्टच्या दस्तऐवजाची देय तारीखही तीच येते.

सुटीच्या बाबतीत कायदे वेगवेगळ्या दिशांनी जातात. वरील कायद्याच्या कलम २५ नुसार देय तारीख सार्वजनिक सुटीच्या दिवशी आली, तर आधीचा कामकाजाचा दिवस धरला जातो. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम १० न्यायालय किंवा कार्यालय बंद असल्यास पुढच्या उघड्या दिवसाची मुभा देते. त्यामुळे ‘सुटी आल्यास तारीख सरकवा’ एवढी सूचना आज्ञावली लिहिणाऱ्याला पुरत नाही. मागे की पुढे, हे त्याने विचारलेच पाहिजे.

साडेपाच तासांचा खेळ

बरेचसे सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात. भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे आहे. समजा, संत्र्याचा ट्रक १ डिसेंबरला पहाटे ४ वाजता काट्यावर चढला. सर्व्हरवर ती वेळ ३० नोव्हेंबरची रात्री १०.३० असते. वेळ भारतीय न करता केवळ तारीख उचलली, तर माल आदल्या महिन्याच्या हिशेबात जातो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या दरम्यानच्या प्रत्येक नोंदीला हा धोका असतो.

जुन्या नोंदींना आणखी जपावे लागते. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ मुंबईत त्यानंतरही अनेक वर्षे पाळली गेली. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभरातील घड्याळे एक तास पुढे होती. १९४४ साली सकाळी दहाला जन्मलेल्याची पत्रिका करताना आज्ञावलीने वेळ नऊ धरली नाही, तर लग्नरास बदलू शकते. जगभरच्या प्रणाली वापरत असलेल्या वेळ-कोशात ‘आशिया/कोलकाता’ या नोंदीखाली युद्धकाळातील हा बदल आहे. मुंबईसाठी मात्र त्यात वेगळी नोंद नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

कर्ज, विमा किंवा ठेवीच्या कागदावर मुदत दिवसांत आहे, महिन्यांत आहे की वर्षांत, हे आधी पाहावे. पहिला दिवस मोजला आहे का आणि अखेरच्या दिवशी सुटी आल्यास काय होईल, हे विचारावे. शक्य असल्यास अंतिम तारीख आकड्यांत लिहून घ्यावी. कागदावर छापलेली तारीख सर्वांसाठी एकच असते. ‘एक वर्ष’ या शब्दांचा अर्थ मात्र प्रत्येक संगणक आपापल्या परीने लावतो.