व्यवसायोपचारातील प्रमाणपत्र आणि डॉक्टरेट

कोणत्याही उपचारव्यवसायाला आपल्या वाढीच्या काळात दोन प्रश्नांना सामोरे जावे लागते. रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार कोणाला, हा पहिला प्रश्न. आणि त्या उपचारामागील ज्ञानाची कसोटी घेण्याचा व त्यात भर घालण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रमाणपत्राने दिले जाते, दुसऱ्याचे डॉक्टरेटने. अमेरिकेतील व्यवसायोपचाराच्या इतिहासात हे दोन प्रश्न दीर्घकाळ अलग राहिले. पुढे ते परस्परांत मिसळले, आणि त्यातून उद्भवलेला वाद हा या इतिहासाचा सर्वांत उद्बोधक भाग होय.

इ. स. १९१७ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हे वास्तुशिल्पी होते. क्षय व पक्षाघात यांनी जर्जर झालेल्या स्वतःच्या देहावरच त्यांनी कामाच्या उपचारक शक्तीची प्रचीती घेतली होती. विल्यम रश डंटन हे मनोरोगचिकित्सक, तर एलिनॉर क्लार्क स्लेगल या समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या. व्यवसायोपचाराची पदवी यांपैकी एकाकडेही नव्हती, कारण तशी पदवीच तेव्हा अस्तित्वात नव्हती. परंतु पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी स्त्रियांना अल्पावधीत शिक्षण देऊन कामावर पाठविण्यात आले, आणि खरा प्रशिक्षित कोणास म्हणावे हा प्रश्न तातडीचा झाला. १९२१ मध्ये संस्थेने ‘अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशन’ हे नाव धारण केले, १९२३ मध्ये शिक्षणाची किमान मानके ठरविली, आणि पुढील दशकाच्या आरंभी पात्र व्यवसायोपचारतज्ज्ञांची नोंदवही सिद्ध केली.

या मानकांना वजन प्राप्त व्हावे म्हणून संस्थेने वैद्यकव्यवसायाचा आश्रय घेतला. १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने व्यवसायोपचाराच्या विद्यालयांसाठी आवश्यक अटी प्रसिद्ध केल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस नोंदणीसाठी लेखी परीक्षेस प्रारंभ झाला. या व्यवस्थेने रुग्णाचे रक्षण झाले आणि व्यवसायाला मान्यताही लाभली. परंतु आपल्या विद्यालयांची पारख दुसऱ्या व्यवसायाच्या हाती सोपविण्याचे मूल्य त्यासाठी मोजावे लागले.

ज्ञानाच्या क्षेत्रातील परावलंबन याहूनही खोल होते. संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या जीन आयर्स यांचे उदाहरण येथे पुरेसे बोलके आहे. व्यवसायोपचाराची पदवी व पदव्युत्तर पदवी त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून संपादन केली. मात्र १९६१ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना दिलेली डॉक्टरेट शैक्षणिक मानसशास्त्राची होती. प्रश्न व्यवसायोपचाराचे, पण त्यांचा अभ्यास करावयाचा तो दुसऱ्या विद्याशाखेच्या परिभाषेत, अशी ही अवस्था होती. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठाने या विषयातील डॉक्टरेटचा मार्ग खुला केला. पुढे १९८९ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने मानवी व्यवसायाचे, म्हणजे माणूस दैनंदिन जीवनात जे जे करतो त्याचे, स्वतंत्र शास्त्र कल्पून त्यात संशोधनपदवी सुरू केली.

याच सुमारास प्रमाणीकरणही स्वतंत्र होत होते. १९७५ मध्ये फ्लॉरिडा व न्यूयॉर्क या राज्यांनी परवान्याचे कायदे केले. १९८६ मध्ये प्रमाणीकरणासाठी वेगळे मंडळ स्थापन झाले आणि पुढे ते व्यावसायिक संस्थेपासून पूर्णतः विभक्त झाले. सभासदांचे हित पाहणाऱ्या संस्थेनेच त्यांच्या पात्रतेचा निर्णय करू नये, हे तत्त्व यात अनुस्यूत होते.

दोन्ही प्रवाह स्थिरावले असे वाटत असतानाच ते एकमेकांत मिसळले. २००७ पासून व्यवसायात प्रवेशासाठी पदव्युत्तर शिक्षण अनिवार्य झाले. दरम्यान १९९९ मध्ये नेब्रास्कातील क्रेटन विद्यापीठाने प्रवेशस्तरावरच व्यावसायिक डॉक्टरेट देण्यास आरंभ केला होता. ही डॉक्टरेट संशोधनाची नव्हे, तर प्रगत उपचारकौशल्याची. औषधनिर्माण व फिजिओथेरपी या शेजारच्या व्यवसायांनी असाच मार्ग स्वीकारल्याने स्पर्धेची चिंताही त्यात मिसळली. २०१७ मध्ये शिक्षणमान्यता मंडळाने २०२७ पासून हीच डॉक्टरेट एकमेव प्रवेशद्वार राहील असे घोषित केले. शिक्षणाचा वाढता खर्च, अध्यापकांचा तुटवडा आणि सामान्य स्थितीतील विद्यार्थ्यांपुढील अडथळे हे आक्षेप तीव्रतेने मांडले गेले. निर्णय स्थगित झाला, आणि २०१९ मध्ये पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेट असे दोन्ही मार्ग कायम ठेवण्यात आले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पदव्या दोन असल्या, तरी प्रमाणपत्राची परीक्षा दोहोंना एकच आहे. सुरक्षित उपचारास जे किमान ज्ञान आवश्यक, ते पदवीच्या नावाने बदलत नाही, हेच या परीक्षेने अप्रत्यक्षपणे मान्य केले.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध दूरचा नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी फिलाडेल्फिया येथे शिक्षण घेऊन १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सभासदांत भारताचा समावेश होता. मात्र कायदेशीर नोंदणीची व्यवस्था फार मागून आली: महाराष्ट्रात २००२ च्या अधिनियमाने परिषदेची तरतूद झाली, आणि संबद्ध आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग निर्माण करणारा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला. शिक्षण आधी व नियमन नंतर, असा हा क्रम राहिला.

या क्रमामुळेच अमेरिकेचा अनुभव येथे मोलाचा ठरतो. प्रमाणपत्र ही रुग्णाला दिलेली हमी आहे. डॉक्टरेट ही विद्येविषयीची जबाबदारी आहे. पहिली सर्व व्यवसायोपचारतज्ज्ञांना समान असावी लागते. दुसरी थोड्यांनीच, पण पूर्ण निष्ठेने उचलावयाची असते. दुसरीला पहिलीची अट केल्यास व्यवसायाचे दार अरुंद होते. आणि पहिलीवरच संतुष्ट राहिल्यास त्या व्यवसायाचे प्रश्न इतर विद्याशाखांच्या स्वाधीन राहतात.