खाजन, मानस आणि दरवाजातला दगड

फेरीतून दिवाडीला जाताना सगळे फोटो काढतात ते चर्चचे. मीही तेच करायचो. गेल्या खेपेला मामाने बांधावर नेलं. "हे बघ, तुझ्या त्या चर्चपेक्षा जुनं!" एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली!

याला खाजन म्हणतात. पोर्तुगीज यायच्या कित्येक शतकं आधी गोव्यातल्या गावकऱ्यांनी चिखल, पेंढा, बांबू, जांभा वापरून खाडीकडून ही जमीन मिळवली. बाहेरच्या बाजूला लाटा अडवायला खारफुटी, आत खारेपणा सोसणारं कोरगुट भात. आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दरवाजे. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. ना वीज, ना सेन्सर, ना रात्री तीनला सपोर्ट कॉल :)

पण मला खरी गंमत वाटली ती हिशेबाची. चिखलाचा बांध सतत डागडुजी मागतो. ती गावकरी संस्था करायची (पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद), आणि मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावातून त्यासाठी पैसे यायचे. म्हणजे मासे भाताची राखण करत होते. 1526 मध्ये अफोंसो मेशियाने फोरालमध्ये या गावसंस्थांच्या रूढी लिहून काढल्या, त्या आधीपासून चालत होत्या म्हणूनच.

आता हे वाचून लगेच हळवं व्हायचं कारण नाही. गावकार म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष; चिखलात राबणारे बहुतेक दुसरेच. त्यामुळे 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती, ज्याने कुळं मालक झाली, मला योग्यच वाटते. फक्त बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि जुनी घडी मोडली. पुढे भातापेक्षा मासे-कोळंबीला जास्त भाव आला. मग कुठे मानस मुद्दाम उघडी राहते, कुठे फुटलेला बांध कोणी बुजवत नाही. खारं पाणी शिरतं, शेतात खारफुटी उगवते, आणि ती तोडायला कायद्याने बंदी. इकडे समुद्राची पातळी वाढतेच आहे.

परतताना मानशीपाशी थांबलो. भरती चढत होती, तरी एक दरवाजा दगड लावून उघडा ठेवलेला. मी वाकलो तसा मामाने हात धरला.

"राहू दे रे. लिलाव घेतलेला भांडायला येतो."

"आणि भात?"

"यंदा लावलंच नाही."