पाच टक्क्यांची आगगाडी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपल्या सोसायटीत गेली पंचवीस वर्षे एक वाद न चुकता चालू आहे. गाडी वीस मिनिटे उशिरा आली की संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर कोणीतरी म्हणतो, "ही रेल्वे खाजगी करून टाका, महिन्यात सुधारेल बघा." लगेच दुसरा म्हणतो, "खाजगीवाला पास दुप्पट करील, मग कळेल." मी दोघांनाही एकच प्रश्न विचारतो: ही रेल्वे सुरू झाली तेव्हा कोणाची होती? दहातले नऊ जण सांगतात, इंग्रज सरकारची.

तर मंडळी, ती सरकारची नव्हती. ती एका खाजगी कंपनीची होती. लंडनमध्ये कचेरी, लंडनमध्येच भागधारक आणि नाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडची जी.आय.पी. आपण कल्याणकर जिच्या जिवावर पोट भरतो ती लाइन खाजगी उद्योगाने बांधली आणि पुढे सत्तरएक वर्षे चालवली. म्हणून 'खाजगी बरे की सरकारी' हा प्रश्न भविष्याबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा मागे वळून पाहण्याचा आहे, असे मला वाटते.

सुरुवात मुंबईतच झाली. सरकारी इंजिनिअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला गेला असताना ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना त्याला सुचली. शहरातल्या बड्या मंडळींनी ती उचलून धरली. त्यात आपले नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट होते, सर जमशेटजी जीजीभॉय होते. पण नुसत्या उत्साहावर रूळ पडत नाहीत, भांडवल लागते. भांडवल होते लंडनमध्ये, आणि लंडनचा गुंतवणूकदार काही खुळा नव्हता. न पाहिलेला देश, मधे सह्याद्री, चार महिने पाऊस. माल किती मिळेल आणि प्रवासी किती चढतील, याचा कोणालाच अंदाज नव्हता. त्याने सरळ सांगितले, व्याजाची हमी द्या, नाहीतर पैसे मिळणार नाहीत.

ती हमी दिली गेली. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि जी.आय.पी. यांच्यात करार झाला. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद वाचले, पण कर्ज घेणाऱ्याला इतका सुखाचा कागद दुसरा पाहिला नाही. अटी अशा: भांडवलावर ५ टक्के व्याज सरकार देणार, रेल्वेला नफा होवो वा तोटा. जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. पाच टक्क्यांच्या वर जो नफा होईल त्यातला अर्धा कंपनीचा, उरलेल्या अर्ध्यातून सरकारने दिलेल्या व्याजाची परतफेड. शिवाय धंदा जमेनासा झाला तर लाइन सरकारच्या हवाली करून भांडवल परत मागण्याची कंपनीला मुभा. सरकारला काय मिळाले? देखरेखीचा अधिकार, आणि २५ किंवा ५० वर्षांनी लाइन विकत घेण्याचा हक्क.

याला आपण खाजगी उद्योग म्हणायचे का? नफा खाजगी होता हे खरे. तोटा मात्र इथल्या रयतेचा होता, कारण हमी दिली होती ती हिंदुस्थानच्या महसुलातून.

पण एकच बाजू सांगणे अन्यायाचे होईल. हमी नसती तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डब्यांत चारशे पाहुणे बसवून, २१ तोफांच्या सलामीत, तीन इंजिने जोडलेली गाडी ठाण्याला पोहोचली नसती. १ मे १८५४ ला ती आपल्या कल्याणला आली नसती. आणि बोरघाट! १८५६ पासून सात वर्षे तिथे काम चालले. जेम्स बर्कली हा कंपनीचा मुख्य इंजिनिअर. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरून कमानींचे पूल, आणि चढ फार म्हणून मधेच गाडीची दिशा उलटवण्याचे स्टेशन. हे सगळे दारू, पहारी आणि मजुरांच्या पाठीवर झाले. १८६१ च्या सुमारास तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसे कामाला होती. कॉलरा आणि तापाने किती गेली त्याला गणती नाही. ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला, तर त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट आपल्या अंगावर घेऊन काम तडीस नेले. १८६३ ला घाट खुला झाला, तोपर्यंत खोपोली ते खंडाळा प्रवासी पालखी नाहीतर तट्टावर बसून चढत असत. लोणावळ्याला चिक्की घेताना कधीतरी हे आठवावे.

आता वहीची दुसरी बाजू. ज्याला खर्च कितीही झाला तरी पाच टक्के मिळणारच आहेत, तो काटकसर कशाला करील? उलट भांडवल जितके जास्त खपेल तितके व्याज जास्त. लॉर्ड डलहौसीच्या काळी मैलाला आठ हजार पौंड लागतील असा अंदाज होता, हमीच्या लाइनींना प्रत्यक्षात दुपटीहून जास्त लागले. सरकारचे इंजिनिअर देखरेखीला होते खरे, पण त्यातून झाले काय, तर प्रत्येक कागदावर दोन-दोन सह्या. कंपनी म्हणे सरकार लुडबुड करते, सरकार म्हणे कंपनी उधळते. आणि एवढा खर्च करून काम तरी चोख झाले का? १८६७ च्या पावसाळ्यात बोरघाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. मग तपासणी झाली तेव्हा कंपनीच्या इतरही अनेक पुलांचे दगडी बांधकाम कच्चे निघाले आणि ते पुन्हा करावे लागले. खर्च अर्थातच भांडवलात, भांडवलावर पुन्हा पाच टक्के.

विल्यम मॅसी नावाचे गृहस्थ हिंदुस्थान सरकारचे अर्थखाते सांभाळून विलायतेला परतले होते. १८७२ साली त्यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, पाच टक्के पक्के असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, इंग्रज गुंतवणूकदाराला त्याचे काहीच नव्हते. हे बोलणारा कोणी चळवळ्या नव्हता, सरकारचाच माजी अर्थमंत्री होता! आपल्या दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ओघाचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाची रक्कमही होती.

बँकवाल्याच्या नजरेला दोन बारीक कलमे जास्त टोचतात. पहिले, नफ्याचा हिशेब दर सहामाहीला. सुगीच्या सहामाहीत जादा नफा झाला की कंपनी आपला अर्धा वाटा उचलून मोकळी. पुढच्या पावसाळी सहामाहीत तूट आली तर ती सरकारने भरायची, आधीच्या नफ्यातून वळती करायची नाही. दुसरे कलम हुंडणावळीचे. हिशेबासाठी एक रुपया म्हणजे २२ पेन्स असा भाव करारात कायमचा बांधलेला. पुढे चांदी उतरली आणि १८९० च्या दशकात रुपया चौदा पेन्सांच्याही खाली गेला, तरी कंपनीच्या रुपयातल्या उत्पन्नाचा हिशेब २२ नेच. फरक कोणी सोसला हे सांगायला नकोच. करार करताना सर्वांचे लक्ष मोठ्या आकड्याकडे असते. पैसा जातो तो असल्या कलमांतून.

१८६९ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी स्पष्ट लिहून ठेवले की, नफा सगळा कंपन्यांकडे आणि तोटा सगळा सरकारकडे अशी ही व्यवस्था आहे. सरकारला स्वतः कर्ज काढले तर चार टक्क्यांच्या आसपास पैसा मिळत होता. मग आपणच लाइनी का बांधू नयेत? आणि सरकार बांधायला लागले.

सरकारी झाले म्हणून शहाणपण आले असे मात्र नाही. पैसे वाचवायचे म्हणून मीटर गेजचा अरुंद मार्ग निवडला. दोन रुंदीचे मार्ग जिथे मिळत तिथे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचे. आमच्या पिढीला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुंबईहून गोव्याला जाताना मिरजेला पहाटे झोपलेली पोरे आणि वळकट्या खांद्यावर घेऊन गाडी बदलणारे आपल्या सोसायटीत निदान डझनभर निघतील. लॉर्ड मेयोच्या काळातल्या काटकसरीचा हमालीखर्च आपण १९९० च्या दशकापर्यंत भरला. त्यात दुष्काळ आले, अफगाण युद्ध आले, सरकारी तिजोरी आटली आणि पुन्हा कंपन्यांनाच बोलावणे धाडले, कमी दराच्या हमीवर. सदर्न मराठा रेल्वे ही १८८२ ची कंपनी अशीच.

अखेर १९०० साली पन्नास वर्षांचा हक्क बजावून सरकारने जी.आय.पी. विकत घेतली. रोख नाही, वार्षिक हप्त्यांनी. मुदत किती? जमिनीचा करार ९९ वर्षांचा होता ना, त्यातली उरलेली वर्षे. म्हणजे ऑगस्ट १९४८ पर्यंत! स्वातंत्र्याचे पहिले वर्ष सरल्यावर या हप्त्यांतून सुटका झाली. आपल्याला वीस वर्षांचे गृहकर्ज जड वाटते.

मालकी सरकारची झाली तरी चालवायला कंपनीच राहिली. या काळातला तिसरा वर्ग कसा होता ते गांधीजींनी १९१७ साली लिहिले आहे. मुंबईहून मद्रासला जाताना २२ जणांच्या डब्यात माणसे कशी कोंबली होती, संडासांची काय दशा होती, सगळे त्यात आहे. रेल्वेला सर्वांत जास्त प्रवासी देणारा वर्ग तोच, आणि सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडे. लंडनच्या संचालकांना पार्ल्याचा किंवा कल्याणचा प्रवासी विचारणार कसा? पुढे ॲकवर्थ समिती नेमली गेली. त्यात श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास होते. पुरुषोत्तमदास म्हणजे मुंबईचे कापसाचे व्यापारी, खाजगी धंद्याचे पक्के भोक्ते, तरी त्यांचाही कौल रेल्वे सरकारने चालवावी असाच पडला. १ जुलै १९२५ पासून जी.आय.पी. सरकारच्या हातात आली. पाच वर्षांच्या आत विजेची गाडी पुण्यापर्यंत पोहोचली आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी धावली. सरकारी कारभारातली गाडी, बरं का, आणि तिच्या नावाने आजही पुणेकर घड्याळ लावल्याच्या गोष्टी सांगतात.

यावरून मी सरकारचा वकील ठरत नाही. सकाळी ८ च्या लोकलला दारात लोंबकळणारी आपली मुले पाहिली की सरकारी सेवेची थोरवी गाण्याची इच्छा होत नाही. माझे म्हणणे इतकेच, की 'चालवतो कोण' यापेक्षा 'बुडाले तर कोणाचे' हा प्रश्न आधी विचारावा. तो न विचारल्याने काय होते ते महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांदेखत पाहिले आहे. दाभोळचा वीज प्रकल्प आठवा. एन्रॉनशी १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला. वीज घ्या अगर घेऊ नका, ठरावीक आकार भरायचाच, दर डॉलरशी बांधलेला, वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९९ ला वीज सुरू झाली आणि २००१ ला मंडळाने महागडी म्हणून घेणे थांबवले. शेवटी सरकारी कंपन्यांनीच प्रकल्प पदरात घेतला. १८४९ चा करार कोणीतरी काढून वाचला असता तर बरे झाले असते. पेन्सांच्या जागी सेंट, एवढाच काय तो फरक.

आणि आता आपल्या गच्चीवर येतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत सौर विजेचा प्रस्ताव आहे. कंपनी स्वखर्चाने पॅनेल बसवणार, आपण वीस वर्षे ठरलेल्या दराने वीज घ्यायची. सोसायटीचा एक रुपया लागत नाही म्हणून बरेच सभासद खुश आहेत. कल्पना चांगली आहे, मी विरोधात नाही. मात्र मसुद्यात दरमहा किमान युनिटांचे पैसे देण्याचे एक कलम आहे, आणि वर्षाला दरवाढीचे दुसरे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पॅनेलने तेवढी वीज दिलीच नाही तर काय, याबद्दल मसुदा गप्प आहे. हिशेब महिन्याचा धरायचा की वर्षाचा, हेही त्यात नाही. मसुद्याची प्रत ऑफिसात ठेवली आहे, संध्याकाळी सात ते आठ कोणालाही वाचता येईल. सेक्रेटरींना सांगून मी त्या दोन कलमांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आहेत.