सरकारी कुरण आणि गुराखी



इतिहास आम्ही वर्गात बसून शिकलो नाही. कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलो. फाटकावर एक गोष्ट पक्की कळली. मालकाला मिळालेली सवलत कामगारापर्यंत किती पोचली, हे सरकारी ठरावाच्या भाषेवरून ठरत नाही. त्यासाठी पगारपत्रक पाहावे लागते. आज हीच कसोटी आम्ही अमेरिकेतल्या एका दूरच्या मुलुखाला लावणार आहोत.

ओरेगॉन राज्यात हार्नी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. विस्तार अहिल्यानगर जिल्ह्याच्या सुमारे दीडपट. पण 2020 च्या शिरगणतीत वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. तिथली बहुतांश जमीन मध्यवर्ती सरकारची. 1872 साली पीटर फ्रेंच नावाचा गृहस्थ कॅलिफोर्नियातून सुमारे बाराशे गुरे आणि मूठभर गुराखी घेऊन येथे आला. त्याने पाण्याकाठची जमीन हस्तगत केली, कारण ज्याच्या हाती पाणी त्याच्याच हाती भोवतालचे माळरान. लहान शेतकऱ्यांशी तंटे लागले आणि 1897 च्या डिसेंबरात अशाच एकाने त्याला गोळी घातली. पुढे ज्यूरीने त्या शेतकऱ्याला निर्दोष सोडले. लोकांच्या मनात काय साचले होते, ते यावरून ओळखावे.

पश्चिमेकडचा हा सरकारी माळ सर्वांचा, म्हणून कोणाचाच नव्हता. गवत संपले, माती उडू लागली. तेव्हा 1934 च्या जूनमध्ये टेलर चराई कायदा आला आणि परवाने सुरू झाले. हेतू चांगला होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु परवान्यात अग्रहक्क कोणाला? ज्याची जवळपास स्वतःची जमीन किंवा पाणी आहे, त्याला! फ्रेंचच्या काळी जे दांडगाईने मिळे, ते आता कायद्याने मिळू लागले. त्याच दुष्काळात, 1934–35 मध्ये, सरकारने देशभरातून 80 लाखांहून अधिक गुरे विकत घेतली. पैसे अर्थातच गुरांच्या धन्याला मिळाले.

चराईचा दरही पाहा. 1936 साली एका गाय-वासराला महिन्याला 5 सेंट. 1986 च्या अध्यक्षीय हुकुमाने किमान दर 1.35 डॉलर ठरला. 2019 ते 2025 ही सातही वर्षे तोच किमान दर चालला. सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी 2004 सालचा जमाखर्च मांडला, तेव्हा चराईवरचा खर्च निदान 14 कोटी 40 लाख डॉलर आणि फीची जमा सुमारे 2 कोटी 10 लाख निघाली. मधली तूट म्हणजेच अनुदान. ते हातात रोख दिले जात नाही, म्हणून डोळ्यांवर येत नाही, इतकेच.

आता पगारपत्रकाकडे वळू. 1935 च्या कायद्याने अमेरिकन कामगाराला संघटनेचा हक्क दिला, शेतमजूर वगळला. 1938 च्या कायद्याने किमान वेतन आणले. शेतमजूर पुन्हा वगळला. 1966 साली काही शेतमजुरांना ते लागू झाले, पण मोकळ्या माळावर गुरे राखणारा त्यातूनही वगळला! ज्या माळावरचे गवत धन्याला सवलतीने मिळते, त्याच माळावरच्या गुराख्याला वेतनाचे संरक्षण नाही.

पशुपालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कुंपण, पाणवठे, हिवाळ्यातला चारा यांचा भार त्यांच्यावर असतो, आणि लहान पशुपालक कर्जात बुडालेला असतो. ते खोटे नाही. 2016 च्या जानेवारीत याच काउंटीत हत्यारबंद लोकांनी सरकारी पक्षी-अभयारण्याच्या कचेऱ्या बळकावल्या आणि जमीन स्थानिकांच्या हवाली करा, अशी मागणी केली. 41 दिवस हे चालले. पण स्थानिक म्हणजे कोण? त्या मागणीत गुराख्याची मजुरी कुठेच नव्हती.

गायरानाचा तंटा आपल्याला नवा नाही. शेतीला सरकारने मदत करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही, करावीच. मात्र ती जमिनीच्या उताऱ्याला चिकटली, की ज्याच्या नावावर उतारा नाही तो उपाशीच राहतो. म्हणून मदतीच्या कायद्यातच मजुराच्या वेतनाचे कलम घातले पाहिजे. मागाहून ते कोणी घालत नाही, असा आमचा अनुभव आहे.