विसण : मिश्रणाच्या एका नियमाचा इतिहास

कढत पाण्यात थंड पाणी घालून ते अंगास सोसेल असे करणे, या नित्याच्या क्रियेसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे. त्या थंड पाण्यास 'विसण' म्हणतात. कुंडलिकाकाठच्या रोह्यास लागून असलेल्या वरसे गावी काय, किंवा अन्यत्र काय, घंगाळात विसण किती घालावे हे हातच सांगत आला. पालीजवळील उन्हेरे येथे तर ऊन पाणी भूमीतूनच येते, आणि ग्रामनामातही ती ऊब उतरली आहे. तथापि शब्द असणे निराळे आणि नियम असणे निराळे. हा हाताचा अंदाज गणिताच्या कक्षेत केव्हा आला, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

नियमाचे गणिती रूप आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) सुवर्णगणित सांगितले आहे. निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटवले, तर प्रत्येकाचे वजन व वर्ण यांचा गुणाकार करावा, गुणाकारांची बेरीज करावी आणि तीस एकूण वजनाने भागावे. सोळा वर्णाचे ४ मासे आणि बारा वर्णाचे १२ मासे सोने मिसळले, तर (६४ + १४४) ÷ १६, म्हणजे तेरा वर्ण येतो. या ग्रंथांच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिल्याचे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून कळते.

पाण्याचा हिशेबही असाच होतो. ८० अंशाचे ४ लिटर पाणी आणि ३० अंशाचे १६ लिटर विसण मिसळले, तर (३२० + ४८०) ÷ २०, म्हणजे ४० अंश. एवढ्यावरून उष्णतेचे गणित भास्कराचार्यांस अवगत होते असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो आवरला पाहिजे. सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर पाहता येत होता. उष्णतेस अशी कसोटी नव्हती. समान भाग बर्फ आणि उकळते पाणी यांच्या मिश्रणास मध्यम मानण्याची कल्पना ग्रीक वैद्य गॅलेन याने दुसऱ्या शतकात मांडली होती. परंतु अंश मोजणारे साधन नसल्याने तिचा पडताळा घेता येत नव्हता.

तापमापक आल्यावर चित्र पालटले. ब्रूक टेलर याने १७२३ मध्ये ऊन व थंड पाण्याच्या मिश्रणांनी तापमापकाचीच परीक्षा घेतली. पुढे सेंट पीटर्सबर्ग येथील क्राफ्ट याने मिश्रणाचे सूत्र दिले. पण त्यात उष्ण व शीत जलास निरनिराळे गुणक होते. त्याच नगरीतील रिखमान याने १७४७–४८ च्या सुमारास ते बाजूस सारून वर दाखविलेले सरळ सूत्र मांडले. शिवाय भांडे आणि तापमापकही उष्णतेचा वाटा घेतात, हे त्याने हिशेबात धरले. घंगाळातले पाणी गणितापेक्षा थोडे निवते, त्याचे एक कारण हेच.

हे सूत्रही पाण्यात पाणी मिसळेपर्यंतच खरे. बोरहाव्हे याने १७३२ च्या ग्रंथात नोंदविलेल्या फारेनहाइटच्या प्रयोगांत पाणी आणि पारा समान आकारमानाने मिसळले असता तापमान मध्यावर येईना. ते पाण्याकडे झुके. याचा उलगडा १७६० च्या सुमारास जोसेफ ब्लॅक याने केला. उष्णता आणि तापमान या दोन भिन्न गोष्टी असून प्रत्येक पदार्थाची उष्णता सामावण्याची शक्ती निराळी असते. आज आपण तीस विशिष्ट उष्णता म्हणतो.

तात्पर्य, एकच गणिती रूप सोन्यास आणि पाण्यास लागू पडते, म्हणून एकाचे ज्ञान दुसऱ्याचे ज्ञान ठरत नाही. मधली सहा शतके मोजण्याच्या साधनाची आणि दोन संज्ञा वेगळ्या करण्याची आहेत. बोलण्यात 'उष्णता' आणि 'तापमान' हे शब्द आजही सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पूर्वजांचे श्रेय मोजताना हा भेद विसरला, तर भास्कराचार्यांचे खरे श्रेयही झाकोळते.