जलतरण तलाव, स्पर्धांचे : जलरोधन व लादीकाम

मोठ्या क्रीडासंकुलांतील जलतरण तलावाच्या तळातून व भिंतींतून पाणी झिरपू नये म्हणून त्यांवर जे थर देतात त्यांस जलरोधन म्हणतात आणि या थरांवर भाजलेल्या मातीच्या लाद्या बसविण्याच्या कामास लादीकाम म्हणतात. ५० मी. लांब, २५ मी. रुंद व २ मी. खोल अशा तलावात २,५०० घ. मी. म्हणजे सु. २,५०० टन पाणी मावते व तळाच्या दर चौ. मी. क्षेत्रावर सु. २ टन भार पडतो. पाण्याची पातळी केवळ १ मिमी. उतरली तरी १,२५० लि. पाणी नाहीसे झालेले असते. पाणी धरून ठेवणे हे सर्वच तलावांचे कार्य होय. परंतु स्पर्धेच्या तलावाला आणखी एक कार्य करावे लागते. त्याच्या दोन टोकांच्या भिंतींमधील अंतर हेच शर्यतीचे माप असते आणि ते माप शेवटी गिलावा व लादी यांच्या काही मिलीमीटर जाडीवर ठरते. पाणी अडविण्याची कला फार जुनी आहे, तर माप राखण्याची जबाबदारी तिच्यावर विसाव्या शतकात येऊन पडली. स्पर्धा-तलावाच्या बांधकामाचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या जबाबदारीचा इतिहास आहे.

प्राचीन जलरोधन : पाणी अडविण्यासाठी थरांची योजना केल्याचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उदाहरण सिंधमधील (पाकिस्तान) मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहाचे आहे. तेथील कुंड सु. १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २.४ मी. खोल असून ते इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील आहे. कुंडाच्या भाजक्या विटा काटकोनात घासून जिप्समाच्या चुन्यात अगदी घट्ट बसविलेल्या आहेत, त्यांच्यामागे सु. ३ सेंमी. जाडीचा बिट्युमेनाचा थर आणि त्यामागे आधारासाठी पुन्हा विटांची भिंत आहे. दृश्य पृष्ठ, त्यामागे पाणी अडविणारा थर व त्यामागे भार पेलणारी भिंत हा जो क्रम येथे आढळतो, तोच तत्त्वतः आजच्या तलावांतही पाळला जातो.

रोमन लोकांनी चुन्यात भाजलेल्या मातीच्या भांड्यांची पूड मिसळून पाण्यातही टिकणारा गिलावा तयार केला. आपल्याकडील चुना व सुरखी यांचा गिलावा याच तत्त्वावर आधारलेला आहे. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांचा चुन्याशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारी संयुगे बनतात. इंग्लंडमधील बाथ या गावी रोमन लोकांनी बांधलेल्या मोठ्या स्नानकुंडाच्या तळाशी शिशाचे ४५ पत्रे बसविलेले असून ते अद्यापि जागेवर आहेत. या सर्व कुंडांत पाणी टिकणे एवढेच अभिप्रेत होते. लांबी चार बोटे कमीजास्त झाल्याने कोणाचे काही अडत नव्हते.

सिमेंट व लादी : जॉन स्मीटन यांनी एडिस्टन दीपगृहाच्या बांधकामासाठी १७५६ च्या सुमारास पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्याचा अभ्यास केला. जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटाचे एकस्व (पेटंट) घेतले व १८६७ मध्ये झोझेफ मॉन्ये यांनी लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या कुंड्यांचे एकस्व घेतले [⟶ काँक्रीट, सिमेंट]. त्यामुळे मोठे, सलग व ताण सहन करणारे कुंड ओतणे शक्य झाले. लादीच्या बाबतीत १८४० हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी रिचर्ड प्रॉसर यांनी जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून वस्तू घडविण्याची रीत शोधून काढली. ओल्या मातीची लादी वाळताना व भाजताना पुष्कळ आकसते व वेडीवाकडी होते. दाबलेल्या भुकटीची लादी त्या मानाने फारच एकसारखी निघते. सारख्या मापाच्या हजारो लाद्या मिळू लागल्यामुळेच पुढे लादीकाम मोजमापाच्या उपयोगी पडू शकले.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक स्नानगृहांविषयीचा कायदा १८४६ मध्ये झाल्यानंतर गावोगावी बंदिस्त तलाव बांधण्यात आले व झिलईदार विटा आणि लाद्या यांचा त्यांत सर्रास वापर झाला. मँचेस्टर येथील १९०६ मध्ये उघडलेले व्हिक्टोरिया स्नानगृह त्याच्या लादीकामासाठी आजही प्रसिद्ध आहे. तथापि हे तलाव निरनिराळ्या लांबींचे असल्यामुळे एका गावातील वेळेची दुसऱ्या गावातील वेळेशी तुलना करणे कठीण होते.

ऑलिंपिक तलाव : १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यती समुद्राच्या उपसागरात, तर १९०० मध्ये पॅरिस येथे सीन नदीत झाल्या. नदीच्या प्रवाहामुळे तेथील वेळा विश्वसनीय मानता येत नाहीत. १९०८ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी क्रीडांगणात धावपट्टीच्या आत १०० मी. लांबीचा तलाव प्रथमच बांधण्यात आला. जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटनाही (फिना; २०२३ पासून वर्ल्ड ॲक्वॅटिक्स) त्याच वर्षी व त्याच शहरात स्थापन झाली, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. समान नियम हवे असतील, तर समान पाणीही हवे असते. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथील शर्यती पुन्हा खाडीच्या पाण्यात झाल्या. १९२४ मध्ये पॅरिसच्या तूरेल तलावात ५० मी. लांबी व आखलेले मार्ग ही आजची पद्धत प्रथम अवलंबिली गेली. लंडनमधील वेंब्ली येथील १९३४ चा एम्पायर तलाव २०० फुटांचा (सु. ६१ मी.) होता, १९४८ च्या ऑलिंपिकसाठी त्यावर आडवा मंच टाकून त्याची लांबी ५० मी. करावी लागली.

म्यूनिकचा धडा : १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्याच्या हाताच्या दाबाने घड्याळ थांबविणारे स्पर्शपट्ट भिंतींवर बसविण्यात आले. त्यापूर्वी मानवी डोळ्यांच्या व हातांच्या चुकांमुळे निर्णयाबद्दल वाद होत. विद्युत् घड्याळाने ते वाद मिटतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये एक नवाच प्रश्न उपस्थित झाला. ४०० मी. वैयक्तिक मिश्र शैलीच्या अंतिम शर्यतीत स्वीडनचे गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचे टिम मॅकी या दोघांची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखीच भरली. तेव्हा सहस्रांशापर्यंत पाहण्यात आले. लार्सन यांची वेळ ४ मि. ३१.९८१ से. व मॅकी यांची ४ मि. ३१.९८३ से. निघाली आणि सुवर्णपदक लार्सन यांना देण्यात आले.

या फरकाचा अंतराच्या भाषेत अर्थ काय होतो ते पाहणे उद्‌बोधक आहे. त्या शर्यतीतील सरासरी वेग सेकंदाला सु. १.४७ मी. होता. म्हणजे २ सहस्रांश सेकंदात पोहणारा सु. ३ मिमी. पुढे जातो. शर्यतीत तलावाच्या आठ लांब्या कापावयाच्या असल्याने दर लांबीमागे हे अंतर ०.४ मिमी. पेक्षाही कमी येते. एका मार्गाच्या टोकाची लादी शेजारच्या मार्गातील लादीपेक्षा एवढीच आत किंवा बाहेर बसलेली असेल, तर निकालाचा सारा फरक त्या लादीचाच असू शकतो. ओळंबा व पाणसळ घेऊन काम करणाऱ्या कुशल गवंड्यालाही २५ मी. रुंदीच्या भिंतीवर हे साधणे शक्य नाही. शिवाय पाण्याच्या तपमानात व भारात होणाऱ्या बदलांनी भिंत स्वतःच याहून अधिक सरकते : काँक्रीटच्या तपमानात १०° से. चा फरक पडला, तर ५० मी. लांबीत सु. ५ मिमी. प्रसरण किंवा आकुंचन होते.

या निकालानंतर संघटनेने नियम बदलला. सहस्रांश सेकंद मोजता येत असला, तरी तिसरा अंक नोंदू नये व निर्णयासाठी वापरू नये, असे ठरले. घड्याळाची सूक्ष्मता भिंतीच्या सूक्ष्मतेपलीकडे गेली होती आणि भिंतीला जे ठाऊक नाही ते घड्याळाकडून वदवून घेणे न्याय्य ठरले नसते. म्हणूनच १९८४ मध्ये लॉस अँजेल्स येथे स्त्रियांच्या १०० मी. मुक्त शैलीत अमेरिकेच्याच कॅरी स्टाइनसायफर व नॅन्सी हॉग्सहेड या दोघींना सुवर्णपदके मिळाली. २०१६ च्या रीओ दे जानेरो ऑलिंपिकमध्ये १०० मी. फुलपाखरी शैलीत मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लोस व लास्लो चेह या तिघांची वेळ ५१.१४ से. भरली आणि तिघांनाही रौप्यपदके देण्यात आली. त्या वेळच्या नियमानुसार प्रत्येक मार्गाची लांबी ५० मी. पेक्षा कमी असून चालत नसे. परंतु ३ सेंमी. पर्यंत अधिक असलेली चालत असे. कमी लांबी मुळीच मान्य न करण्याचे कारण उघड आहे. आखूड तलावात केलेला विक्रम हा विक्रमच नव्हे.

बांधकामाची आधुनिक रीत : काँक्रीट वाळताना दर मीटरमागे सु. ०.३ ते ०.५ मिमी. आकसते, म्हणजे ५० मी. लांबीत, अटकाव नसल्यास, १५ मिमी. किंवा अधिक. त्यामुळे कुंड ओतल्याबरोबर लाद्या बसविल्यास त्या काही महिन्यांत फुगून सुटतात. कुंड भागाभागाने ओततात व दोन भागांच्या सांध्यात रबराची किंवा प्लॅस्टिकाची पाणीरोधक पट्टी पुरतात. ते काही आठवडे ते काही महिने वाळू दिल्यावर लादीकामापूर्वीच पाण्याने भरून पाहतात. प्रथम काही दिवस काँक्रीटला पाणी शोषू देऊन नंतर सात दिवस पातळी मोजतात व बाष्पीभवनाने होणारी घट वजा करतात. ही परीक्षा टाळल्यास पुढे गळतीचे ठिकाण शोधणे अतिशय अवघड जाते. कारण पाणी एका दरजेतून शिरून लादीमागून वाहत भलत्याच ठिकाणी बाहेर पडते.

परीक्षेनंतर सिमेंट व बहुवारिक (पॉलिमर) यांच्या मिश्रणाचा लवचिक लेप देतात. कोपरे आणि नळ, दिवे व पाण्याची तोंडे जेथे भिंतीतून आरपार जातात त्या जागा सर्वांत कच्च्या असल्याने तेथे लेपात तंतूंची जाळी घालतात. लादी बसविताना तिच्यामागे पोकळी राहू देत नाहीत. लादीचे जलशोषण अत्यल्प, साधारणतः ०.५ टक्क्यापेक्षा कमी, असावे लागते. यूरोपात रूढ असलेली तलावाची लादी दरजेसह २५ सेंमी. लांब व १२.५ सेंमी. रुंद धरतात, त्यामुळे ५० मी. लांबीत बरोबर २०० लाद्या बसतात व कापलेली लादी वापरावी लागत नाही. मार्गांच्या मध्यावरील गडद रेषा व टोकापासून २ मी. अंतरावरील आडव्या पट्ट्या गडद लाद्यांनीच काढतात. पोहणारा वळण्याचा अंदाज त्यांवरून घेतो.

टोकाच्या भिंती मात्र वेगळ्या काळजीने करतात. स्पर्शपट्टाची जाडी १ सेंमी. असते, तो दोन्ही टोकांना लावावयाचा असल्यास लादीच्या पृष्ठांमधील अंतर ५०.०२ मी. तरी ठेवावे लागते. पाण्याच्या पातळीवर ३० सेंमी. पासून पातळीखाली ८० सेंमी. पर्यंत प्रत्येक मार्गाची मोजणी करून तज्ञ मोजणीदाराने दाखला द्यावा लागतो. सरकती भिंत वापरून तलावाची लांबी ठरविलेली असल्यास विक्रम झालेल्या मार्गाची मोजणी सत्र संपल्यावर पुन्हा करतात.

दोष व दुरुस्ती : तलाव रिकामा करणे हा त्याच्या आयुष्यातील धोक्याचा प्रसंग असतो. भोवतालच्या भूजलाची पातळी उंच असल्यास आतील पाण्याचा भार जाताच बाहेरील दाबाने कुंड उचलले जाऊ शकते व लाद्या तळापासून सुटतात. म्हणून पावसाळ्यात तलाव रिकामा करणे टाळतात किंवा दाब मोकळा करणाऱ्या झडपा बसवितात. मृदू किंवा आम्लधर्मी पाणी दरजांतील सिमेंटाचा चुना विरघळविते. अशा ठिकाणी दरजा एपॉक्सीने भरतात.

भारतातील स्थिती : द्रवपदार्थ साठविण्याच्या काँक्रीटच्या बांधकामांसाठी भारतीय मानक (क्र. ३३७०) १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, तर भूमिगत टाक्या व जलतरण तलाव यांच्या जलरोधनासाठी स्वतंत्र मानक (क्र. ६४९४) उपलब्ध असून त्याची सुधारित आवृत्ती १९८८ ची आहे. दिल्लीतील तालकटोरा तलाव १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी, तर पुण्याजवळील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारण्यात आले. बालेवाडीत २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. महाराष्ट्राच्या पठारावर जेथे काळी माती आहे, तेथे ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पायाखालील ही माती काढून मुरूम भरणे व पाण्याचा निचरा करणे हे जलरोधनाइतकेच महत्त्वाचे ठरते.

अलीकडील प्रगती : २००१ (फुकुओका), २००३ (बार्सेलोना) व २००७ (मेलबर्न) मधील जागतिक स्पर्धांत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये बंदिस्त क्रीडागृहात तात्पुरते तलाव उभारण्यात आले. अशा तलावांत कारखान्यात घडविलेले पोलादी फलक जोडून त्यांवर प्लॅस्टिकाचा जलरोधी पापुद्रा लावतात. येथे जलरोधी थर लादीमागे दडलेला नसतो, तर तोच दृश्य पृष्ठ असतो. फलकांमुळे लांबी अधिक अचूक राखता येते. तरीही वेळ शतांशापर्यंतच नोंदण्याचा नियम कायम आहे, कारण तो जगातील सर्व तलावांना लागू करावयाचा असतो आणि त्यांतील बहुसंख्य तलाव अद्यापि काँक्रीट, गिलावा व लादी यांचेच आहेत.